निळूभाऊंना चाळीस मिनिटांत कसं दाखवायचं?

रेवातीर, इंदूर

नमस्कार मंडळी.

आमच्या सुदामानगरातल्या मंडळाचा दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक कार्यक्रम असतो. पन्नास-साठ खुर्च्या, एक प्रोजेक्टर, भिंतीला ताणून बांधलेली पांढरी चादर आणि शेवटी चहा. या महिन्याचा विषय माझ्याकडे आलाय: निळू फुले. लोकनाट्यापासून सिनेमापर्यंतची सगळी कारकीर्द, आणि वेळ चाळीस मिनिटं.

मी इंदूरचीच. जन्म इथला, शाळा हिंदी माध्यमाची. घरात मराठी, पण ती आमच्या घरची, म्हणजे "आई बाजारात जाऊन राहिलीय" अशी. महाराष्ट्रात मी लग्नकार्यापुरती गेलेय. निळू फुल्यांचं नाव ऐकून होते, काम नीट पाहिलं नव्हतं. म्हणून गेले दहा दिवस रात्री मुलं झोपली की मोबाइल घेऊन बसते. पण जिथं बघावं तिथं तेच. कुणीतरी मान वाकडी करून, आवाज घोगरा करून "बाई, वाड्यावर या" म्हणतोय आणि लोक हसताहेत. मूळ माणसाआधी नकलाच समोर येतात.

सासूबाईंना विषय सांगितला तर त्यांच्या कपाळाला आठी पडली. "त्याचं काय दाखवतेस बायकामुलांसमोर? दुसरं कुणी घे." त्यांचं माहेर खांडव्याचं. त्यांनी निळू फुल्यांचे दोनच सिनेमे पाहिलेत, तेही लग्नाआधी, पण राग अजून ताजा आहे. इतकी वर्षं टिकणारा राग ज्याच्या कामानं येतो तो नट साधासुधा नसणार, एवढं मला कळतं. त्यापुढचं कळत नाही.

तर विचारायचं ते हे: कोणते प्रसंग दाखवू, कोणत्या क्रमानं, आणि मधे मी काय बोलू? समोर अर्धे लोक साठीच्या पुढचे असतील. बाकीची मुलं, ज्यांना मराठी समजते पण खेड्यातली बोली डोक्यावरून जाते. मला निळू फुल्यांची टिंगल नको आणि आरतीही नको. काम दाखवायचंय.


तीनघंटा

सुरुवात आयुष्यापासून करा, लोक कान देऊन ऐकतात. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत हा मुलगा माळीकाम करायचा. पगार ८० रुपये, त्यातले १० राष्ट्र सेवा दलाला द्यायचा. स्वतःची रोपवाटिका काढायची इच्छा होती, पण भांडवल नव्हतं. सेवा दलाच्या कलापथकात कामं केली, पु. ल. देशपांड्यांच्या 'पुढारी पाहिजे' या वगात रोंग्या केला, मग शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य, ज्याचे दोन हजारांवर प्रयोग झाले. तिथून १९६८ साली अनंत माने यांचा 'एक गाव बारा भानगडी'. त्यातली त्यांची झेलेअण्णाची भूमिका गाजली आणि पुढं सिनेमानं त्यांना सोडलं नाही. २००९ च्या जुलैमध्ये गेले.

पडद्यावर दुष्ट पण घरी सज्जन, हे जरूर सांगा. सासूबाईंचा राग तिथंच उतरेल.


रामबागकर, इंदूर

ताई, तीनघंटा यांनी दिलेली माहिती बरोबर आहे. शेवटच्या ओळीशी मात्र माझं जमत नाही. "पडद्यावर वाईट, पण माणूस चांगला" हे वाक्य निळूभाऊंच्या बाबतीत इतकं वापरून झालंय की त्यामागे त्यांचं काम दिसेनासं झालं. सासूबाईंचा राग उतरवायला जाऊ नका. तो निळूभाऊंनी कमावलेला आहे. कसा कमावला, ते दाखवा.

मी अडुसष्ट वर्षांचा. नोकरी बँकेत केली आणि वीसएक वर्षं इथल्या हौशी मराठी रंगमंचावर कामं केली. नायक कधी नव्हतो. फौजदार, मामा, सावकार, नाहीतर लग्न मोडणारा वरपिता, अशी चौथी-पाचवी भूमिका माझ्या वाट्याला यायची आणि मला ती आवडायची. म्हणून या विषयावर गप्प बसवत नाही. निळूभाऊंना मी कधी भेटलो नाही, पण माझे मास्तर म्हणून कुणाचं नाव घ्यायचं झालं तर त्यांचंच घेईन.

एक प्रसंग सांगतो, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. आमच्या गटानं एक ग्रामीण एकांकिका घेतली होती. मला पाटील दिला. आम्ही सगळी रामबाग, नारायणबागेतली मुलं. आमचे पूर्वज होळकरांच्या पदरी इकडे आले ते आलेच. महाराष्ट्रातल्या गावचा पाटील आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पाटील म्हणजे दरडावणारा, एवढंच ठाऊक. पहिल्या तालमीला मी घसा बसेपर्यंत ओरडलो. दिग्दर्शक काही बोलले नाहीत. त्यांनी मला पत्र्याच्या खुर्चीवर बसवलं, हातात एक चंची आणि चुन्याची डबी दिली आणि म्हणाले, "आधी तंबाखू काढ. चुना लाव. मळ. झटक. दाढेखाली धर. मग वाक्य बोल. तोवर गडी उभा राहील." चंचीत तंबाखू नव्हती, चहाची पत्ती होती. मी डाव्या तळव्यावर ती घेतली आणि उजव्या अंगठ्यानं मळत राहिलो. समोर गड्याचं काम करणारा माझा वर्गमित्र उभा होता, जो एरवी मला जुमानायचा नाही. अंगठा फिरत राहिला, वरचा पंखा आवाज करत राहिला, आणि बघता बघता त्याची नजर खाली गेली. तालीम संपल्यावर तो म्हणाला, "तू ओरडत होतास तेव्हा मला माहीत होतं तू काय करणार आहेस. आत्ता कळेना."

दिग्दर्शक एवढंच म्हणाले, "हे माझं नाही. निळू फुल्यांचा 'सामना' मिळेल तेव्हा बघ."

मिळायला वेळ लागला. व्हिडिओ कॅसेटचे दिवस आले तेव्हा धुळ्याच्या मेव्हण्यानं सेंधव्याच्या बसमधून कॅसेट पाठवली. ती मी दोनदा पाहिली, एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून. तुम्हीही कार्यक्रमाआधी घरी एकदा तसं करून बघा.

'सामना' १९७४ चा. जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, लेखन विजय तेंडुलकरांचं, निर्माते रामदास फुटाणे. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात तो स्पर्धेत होता. निळूभाऊ त्यात हिंदुराव धोंडे पाटील, साखरसम्राट. डॉ. श्रीराम लागू मास्तर, एकेकाळचा ध्येयवादी आणि आता दारूत बुडालेला. हिंदुराव या फाटक्या माणसाला आपल्या बंगल्यावर आणतो, खाऊपिऊ घालतो, आपलं साम्राज्य फिरवून दाखवतो. आणि मास्तर एका प्रश्नाला चिकटून बसतो: मारुती कांबळेचं काय झालं?

इथं तुम्हाला दोन मिनिटं बोलावं लागेल, कारण आपल्या मुलांना साखरसम्राट म्हणजे काय ते ठाऊक नाही. माळव्यात मंडीतला अडत्या असतो, गावचा पटेल असतो, पण असा माणूस नसतो. महाराष्ट्रात १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पाठोपाठ ठिकठिकाणी असे कारखाने उभे राहिले. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. कारखाना, जिल्हा बँक, दूधसंघ, शाळा-कॉलेज, परिषदेतली तिकिटं, या साऱ्याच्या किल्ल्या काही गावांत एकाच घरात गोळा झाल्या. तमाशापटातला जुना पाटील वतनाच्या जोरावर माजलेला असायचा. हिंदुराव तसा नाही. त्यानं रस्ते केलेत, पोरांना नोकऱ्या दिल्यात, लोक त्याला हार घालतात ते निव्वळ भीतीनं नव्हे. हा माणूस नवा होता आणि तो मराठी पडद्यावर उभा करायला निळूभाऊंच्या हाताशी तयार नमुना नव्हता. आमच्यासारख्या इंदूरकरांसाठी तर ते आपलेच लोक आपल्यामागे कसे बदलले, याचं पहिलं दर्शन होतं. आपण पेशवाईतला महाराष्ट्र मनात धरून बसलेले. मधल्या दोनशे वर्षांत तिकडे काय झालं ते मला निळूभाऊंच्या टोपीखालच्या चेहऱ्यावर वाचायला मिळालं.

आता काम कसं केलंय ते बघा. हिंदुराव मास्तरचा पाहुणचार करतो तेव्हा ते ढोंग वाटत नाही. त्याला मास्तर खरोखर आवडलाय. दुसरा एखादा नट तिथं "हा आतून काळा आहे बरं का" असं प्रेक्षकाला डोळ्यानं खुणावून सांगेल. निळूभाऊ ते करत नाहीत. ते मनापासून यजमान होतात, आणि म्हणून मारुती कांबळेचं नाव निघाल्यावर आपल्या पोटात गोळा येतो. आवाज चढत नाही, वाक्याची गती बदलत नाही. आवाज बंद करून पाहिलं तेव्हा मला दिसलं की मास्तरची बेचैनी अंगभर आहे, हिंदुरावची फक्त डोळ्यांत. लागूंनी सगळं बाहेर काढलं, यांनी सगळं आत घेतलं. दोघं एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत, म्हणून ती जुगलबंदी इतकी वर्षं टिकली.

वाक्याआधीचं हे थांबणं त्यांनी कुठून आणलं, त्याचं उत्तर लोकनाट्यात आहे. गण, गवळण, बतावणी, वग या क्रमात बतावणीला, म्हणजे विनोदी सवाल-जवाबाला, पाठ केलेली संहिता पुरत नाही. समोर हजार-दोन हजार माणसं, कुणी जमिनीवर, कुणी झाडावर. एक वाक्य टाकलं की हशा पुढून मागे जातो, मागून परत पुढे येतो. तो पूर्ण विरायच्या आत दुसरं वाक्य टाकायचं, पण शिगेला असताना टाकायचं नाही, नाहीतर ते वाक्य बुडतं. दोन हजार प्रयोग हे ज्यानं केलं त्याच्या अंगात एक घड्याळ बसतं. त्याच घड्याळानं ते पुढं दहशत मोजायला लागले. सोंगाड्याचा थांबा आणि हिंदुरावचा थांबा एकच आहे, फक्त समोरचा हसत नाही.

आता 'सखाराम बाइंडर'. तेंडुलकरांचं नाटक, दिग्दर्शक कमलाकर सारंग, १९७२. निळूभाऊ सखाराम, लालन सारंग चंपा. तेरा प्रयोगांनंतर त्यावर बंदी आली, सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या सगळ्या दिवसांवर त्यांनी 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तक लिहिलंय. सखाराम हा नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरात आणून ठेवणारा माणूस. शिव्या देतो, मारतो, पिऊन मृदंग वाजवतो, आणि तरीही स्वतःला ढोंगी जगापेक्षा खरा समजतो. ताई, चादरीवर दाखवण्याच्या नादात हे नाटक गाळू नका. सुरुवातीचा प्रवेश वाचा: लक्ष्मीला घरात आणल्यावर सखाराम तिला घराचे नियम ऐकवतो तो. साधं वाचन, दोन खुर्च्या. वाचताना लक्षात येईल की हा माणूस प्रत्येक वाक्याला लक्ष्मीकडे बघून अंदाज घेतोय, ही राहील की जाईल. हुकमत गाजवणारा माणूस आतून विचारत असतो. हे ज्याला सापडलं तोच सखाराम करू शकतो. पुढं लक्ष्मी एकटीच मुंगळ्याशी बोलते आणि सखारामला वाटतं घरात कुणी आलंय, तो तुकडाही घ्या. दोन्ही मिळून आठ मिनिटं.

आणि शेवटी 'सिंहासन', १९७९. पुन्हा जब्बार पटेल, पुन्हा तेंडुलकर, कथा अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरची. चित्रपट कृष्णधवल. इथं निळूभाऊ पत्रकार आहेत, दिगू टिपणीस. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री लागू, आणि या सत्तेच्या खेळाभोवती दिगू फिरतोय. त्याच्या हातात काही नाही. तो बघतो. नटाला सगळ्यात अवघड काम दिलं जातं ते हेच. बघणाऱ्याला संवाद नसतात, फक्त समोर घडतंय ते अंगावर साठत जातं. दिगू शेवटी वेडा होतो. ते वेड एकाएकी आलंय असं वाटत नाही, कारण गेले दोन तास आपण ते त्याच्या चेहऱ्यावर थेंबाथेंबानं साठताना पाहिलेलं असतं. 'सामना' आणि 'सिंहासन' लागोपाठ दाखवा, मधे चहासुद्धा देऊ नका. सत्ता ज्याच्या मुठीत आहे तो, आणि सत्तेकडे बघून बघून जो फुटतो तो, दोन्ही एकाच माणसानं पाच वर्षांच्या अंतरानं केले.

चांगुलपणाबद्दल बोलायचंच असेल तर अभिनयाला जोडून बोला. लागू, निळूभाऊ आणि मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' गावोगावी केलं, पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. सेवा दलातून जे घेतलं ते त्यांनी नाटक करूनच परत केलं.


शिंदेछावणी, ग्वाल्हेर

रामबागकर काका, तुमचं वाचून आजी आठवली. आमच्याकडे मुंबई दूरदर्शन दिसायचं नाही. रविवारी दुपारी देशातल्या एकेका भाषेचा सिनेमा लागायचा आणि मराठीची पाळी केव्हा येते याची आम्ही वाट बघायचो. पाळी आली की गल्लीतली सगळी मराठी घरं आमच्या बैठकीत. एकदा निळू फुल्यांचा सिनेमा लागला. ते पडद्यावर आले, अजून तोंड उघडलं नव्हतं, नुसते उंबऱ्यात उभे होते, आणि आजीनं आपलं ताट उचललं, पाट फिरवला आणि टीव्हीकडे पाठ करून जेवली. कान मात्र तिकडेच. मधेच विचारायची, "गेला का तो?" हे मी नऊ-दहा वर्षांची असताना पाहिलंय.

रेवातीर, मुलांसाठी एक हिंदी तुकडा जरूर घ्या. 'सारांश', १९८४. त्यातले गजानन चित्रे. अनुपम खेर आणि रोहिणी हट्टंगडी यांचं मुलगा गमावलेलं म्हातारं जोडपं, आणि त्यांच्या घरात भाड्यानं राहणाऱ्या मुलीच्या मागे लागलेला हा पुढारी. आपल्या मुलांना तिथं भाषेची अडचण नाही. शिवाय तिथं एक ऐकण्यासारखी गोष्ट आहे. निळू फुल्यांची हिंदी मराठी वळणाची आहे आणि त्यांनी ती तशीच राहू दिलीय. पुढाऱ्याला शुद्ध हिंदी येत असती तर तो मुंबईतल्या त्या घरात इतक्या हक्कानं घुसला नसता असं वाटतं. ग्वाल्हेरात आमच्या हिंदीला मराठी वास येतो म्हणून शाळेत मुली चिडवायच्या. मी 'सारांश' पाहिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हाच वास एखाद्या माणसाचं वजन वाढवू शकतो.

हिंदीवाल्यांबद्दल माझी तक्रार आहे ती आहेच. ज्या माणसानं दिगू टिपणीस केला त्याला हिंदीत इतकी कमी आणि इतकी एकसारखी कामं मिळाली याचं मला फार वाईट वाटतं.


तीनघंटा

काका, सज्जनपणाबद्दल तुमचं म्हणणं पटलं, मागे घेतो.

पण आता माझा आक्षेप ऐका. 'सामना', 'सिंहासन', 'सखाराम', 'सारांश', म्हणजे सगळं जड. हे पाहून मुलांना वाटेल की निळू फुले म्हणजे गंभीर सिनेमाचा नट. तसं नव्हतं. खेड्यापाड्यात लोक बैलगाड्या जोडून जायचे ते तेंडुलकर बघायला नव्हे. लोकांनी त्यांना आधी विनोदी नट म्हणून डोक्यावर घेतलं. त्यांनी शेकड्यानं साधे, धंद्याचे सिनेमे केले, त्यातले कितीतरी आज बघवत नाहीत, पण त्या सिनेमांतही ते कधी उरकून टाकत नव्हते. चरित्र अभिनेत्याची कारकीर्द अशाच कामांनी बनते. वर्षाला चार चांगल्या भूमिका कुणालाच मिळत नाहीत. बाकीच्या वीस सिनेमांत तो काय करतो, त्यावर तो टिकतो. झेलेअण्णा घ्याच.


रामबागकर, इंदूर

तीनघंटा, मानलं. मी आमच्या हौशी रंगमंचाच्या चष्म्यातून बघत होतो आणि तिथं विनोदाला आम्ही नेहमी दुसऱ्या पंक्तीला बसवलं. ते चूक होतं.

मग क्रमच बदलू या. ताई, झेलेअण्णा पहिला ठेवा. काही सांगू नका, नुसता लावा. लोक हसतील. हसताना ते नकळत त्या थांबण्याला सरावतील. मग दिवा न लावता लगेच हिंदुराव. तोच माणूस, तोच थांबा, आणि कान हसायची वाट बघत असताना हसू येणार नाही. मी लोकनाट्याच्या घड्याळाबद्दल एवढं लिहिलं ते तुम्हाला एका शब्दात सांगावं लागणार नाही, खुर्चीत बसलेल्याला आपोआप जाणवेल. त्यानंतर साखरसम्राटाची दोन मिनिटं बोला. मग सखारामचं वाचन, म्हणजे डोळ्यांना विश्रांती. मग 'सारांश' मुलांसाठी, तीन मिनिटांहून जास्त नको. आणि 'सिंहासन' शेवटी. म्हणजे 'सामना' आणि 'सिंहासन' लागोपाठचा माझा आग्रह सुटला, पण हे जास्त बरं.

ध्वनीची काळजी घ्या. निळूभाऊ खालच्या पट्टीत बोलतात, शब्दाचं शेपूट ओठात ठेवतात. प्रोजेक्टरच्या आतल्या स्पीकरवर ते शेपूट ऐकू येणार नाही आणि अर्धं काम तिथंच वाया जाईल. वेगळा स्पीकर लावा, पंखे बंद ठेवा. आणि खाली मराठी ओळी येत असतील तर येऊ द्या, मुलांना बोली पकडायला मदत होईल.

सखाराम वाचायला कुणी नसेल तर मी येतो. रामबागेतून सुदामानगर काही लांब नाही. लक्ष्मी मात्र तुमच्यातली कुणी वाचा, आणि रडकी वाचू नका. ती घाबरलेली आहे, पण नियम ऐकता ऐकता ती घरही न्याहाळतेय.


रेवातीर, इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री क्रम लावला आणि घरीच एकदा चालवून पाहिला. अडतीस मिनिटं झाली.

आवाज बंद करून 'सामना' पाहिला, काका. पाहता पाहता मीच श्वास रोखून बसले होते. तुम्ही डोळ्यांबद्दल लिहिलंय ते दिसलं. आणखी एक दिसलं, ते बरोबर आहे का ते तुम्हीच सांगा. समोरचा बोलत असताना ते ऐकतात. म्हणजे आपलं वाक्य कधी येतं याची वाट बघत नाहीत, ऐकतात. मी बालवाडीत शिकवते. मूल बोलत असताना खरंच ऐकणारी बाई आणि नुसती मान डोलावणारी बाई मुलांना लगेच ओळखू येते. तसं वाटलं.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत उभ्या होत्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. झेलेअण्णाला हसल्या, मग आपण हसलो हे लक्षात येऊन परत काड्या मोडायला लागल्या. हिंदुराव आला तशा हात थांबले. पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "केवढं कमी बोलतो गं हा. मला वाटत होतं फार बोलायचा." राग गेलाय असं मला वाटत नाही, आणि काकांनी सांगितल्यावर मी तो घालवायचा प्रयत्नही केला नाही. पण रविवारी त्या येणार आहेत, पुढच्या रांगेतली खुर्ची धरून ठेव म्हणाल्यात.

शिंदेछावणी, तुमच्या आजीचं ताट फिरवणं मी कार्यक्रमात सांगितलं तर चालेल ना? नाव-गाव न सांगता सांगेन.

स्पीकर शेजारच्यांकडून मिळालाय. लक्ष्मी मीच वाचणार आहे, आजपासून तालीम. काका, तुम्ही रविवारी साडेपाचला या, म्हणजे एकदा दोघं मिळून वाचता येईल. आणि ती चंची अजून तुमच्याकडे असेल तर घेऊन याल का? सखारामला नको, पण झेलेअण्णा आणि हिंदुरावच्या मधल्या वेळात तुम्ही मुलांना ते पत्ती मळणं करून दाखवावं असं मला फार वाटतंय.